ट्रायलला एवढं का घाबरायचं?

संपादक साहेब,
कोविडच्या ॲडमिट पेशंटवर नवीन औषधाची ट्रायल म्हटलं की लोक लगेच 'आमच्या माणसाला गिनिपिग बनवताय का' म्हणतात, पण अंदाजाने औषध देणं हाही प्रयोगच आहे ना, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या ट्रायलमध्ये कोणाला तपासायचं औषध आणि कोणाला नेहमीचेच उपचार हे कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचा, त्यातूनच जून २०२० मध्ये कळलं की डेक्सामेथासोनसारखं जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी करतं, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा नाही. आणि ज्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियाच्या औषधाचा कोविडसाठी एवढा गाजावाजा झाला ते तिथेच फेल गेलं! फक्त संमतीचा फॉर्म नीट समजावून सांगा, धाप लागलेल्या माणसापुढे कागदांचा गठ्ठा ठेवून सही घेऊ नका.
- एक वाचक