थोरल्या बहिणीची नोंद माहेरच्या वंशावळीतही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीत थोरल्या बहिणीचे नाव येते ते सासरचे. खाली मुले, सुना, नातवंडे. वर्षश्राद्धाच्या वेळी पुण्यस्मरण छापतात तेही तसेच. इकडे माहेरच्या वंशावळीत तिच्या नावापुढे फार तर ‘विवाहित’ असे किंवा सासरचे आडनाव आणि गाव लिहून रेघ थांबवलेली असते. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरी ही बाई एकच, हे तिसऱ्या पिढीला कळत नाही. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या, आणि रमाबाई रानडेही यमुनाच, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांची आयुष्ये लिहिली गेली. पाठच्या भावंडांना कडेवर वाढवणाऱ्या बाकीच्या अक्का-तायांचे लिहिणे भावंडांवरच आहे. त्याची सुरुवात दहाव्या-तेराव्याला जमलेल्या माणसांपासून करावी. माहेर आणि सासर या दोन्हीकडची म्हातारी माणसे त्यानंतर सहसा एकत्र येत नाहीत.

या नोंदींसाठी एक वही करावी आणि तिच्या पहिल्या पानावर बहिणीची सगळी नावे वेगवेगळ्या ओळींत लिहावीत: पत्रिकेतले, बारशाचे, घरात हाक मारायचे, शाळेतले आणि सासरचे. गृहप्रवेशाच्या वेळी तांदळात लिहिलेले नाव पुढे वापरात राहिलेच असे नाही. बँकेत एक, रेशनकार्डावर दुसरे आणि शेजारपाजारी तिसरेच, असे अनेक बायकांच्या बाबतीत दिसते. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावर सापडले हे लिहिले नाही, तर पुढे गोंधळ होतो आणि एका बाईच्या दोन बायका होतात.

जन्मतारखेत हमखास चूक होते. शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यात १ जून दिसला की थांबावे. जन्माचा पुरावा नसेल तर मुलाचे वय जूनमधल्या प्रवेशाला बसावे म्हणून मास्तर १ जून लिहीत, आणि कित्येकदा वर्षही अंदाजाने टाकत. खरी तारीख पत्रिकेत किंवा गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत शोधावी. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, आणि जुनी पुस्तके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. त्यात बाळाचे नाव नसणे नेहमीचेच. ‘मुलगी’ आणि बापाचे नाव, एवढेच. म्हणून अर्ज बापाच्या पूर्ण नावाने करावा आणि अंदाजाच्या वर्षाच्या मागची-पुढची दोन-दोन वर्षे तपासून मागावीत. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, तेव्हा आडनाव आपण आज लिहितो तसेच दिसेल असे धरू नये.

तिथी मिळाली तर शकाच्या आकड्यात ७८ मिळवावेत, आणि १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९. शके १८८७ मधला माघ म्हणजे १९६६. पौषाचा काही भाग डिसेंबरात आणि काही जानेवारीत पडू शकतो, तिथे जुने पंचांगच पाहावे. अधिक महिना विसरला की तारीख तीस दिवसांनी घसरते. १९४७ साली अधिक श्रावण होता. त्या वर्षीच्या ‘श्रावण शुद्ध पंचमी’चा जन्म जुलैतला की ऑगस्टातला, हे श्रावण अधिक की निज, म्हणजे नेहमीचा, हे कळल्याशिवाय ठरत नाही.

जन्ममृत्यूची नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नाही. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, त्यामुळे थोरल्या भाच्याची नोंद आपल्याच गावात सापडते आणि शोधणारे मात्र त्याच्या वडिलांच्या गावी चार-चार खेपा घालतात. बहीण गावची असली तरी शहरातल्या दवाखान्यात वारली असेल तर दाखला त्या शहराच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत मिळतो. न जगलेल्या बाळांचे मात्र जपून विचारावे. त्यांची नावे क्वचितच कागदावर असतात, पण आईच्या आयुष्यात ती होती, म्हणून वंशावळीतही असावीत.

सगळ्यात मोलाचा कागद बहुतेक घरांत कोणी उघडूनही पाहिलेला नसतो, तो म्हणजे वडील वारल्यानंतरचा वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावे चढवल्याची नोंद. वारस नोंदवही (नमुना ६-क) आणि फेरफार (नमुना ६) यांत मुलांची नावे, नाते, वये आणि लेकींची सासरची नावे एकाच जागी मिळतात. जन्मनाव आणि सासरचे नाव यांची सांगड इथेच पडते. जुन्या सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या नावालगत वर्तुळात किंवा कंसात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. तो टिपून तलाठ्याकडे किंवा अभिलेख कक्षात नक्कल मागावी. अनेक ठिकाणचे जुने अभिलेख सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही शुल्क भरून पाहता येतात. बहिणींची नावे पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात लोटलेली असतात आणि हक्कसोडपत्रानंतर, म्हणजे त्यांनी आपला हिस्सा लेखी सोडल्यावर, तिथूनही कमी होतात. म्हणून चालू उताऱ्यावर थांबू नये, मागचे फेरफार काढावेत. काही फेरफारांत लेकी मुळातच वगळलेल्या असतात. तेव्हा नाव नाही म्हणून बहीण नव्हती, असा निष्कर्ष काढू नये. हिंदू वारसा कायद्यात आधी वारलेल्या मुलीची मुलेही पहिल्या वर्गातले वारस आहेत. वारसाच्या प्रतिज्ञापत्राला जोडलेल्या वंशावळीतून त्यांना गाळले की प्रतिज्ञापत्रच खोटे ठरते आणि पुढे विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील तिथेच बोट ठेवतो.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी किंवा प्रयागच्या उपाध्यायांच्या वह्यांत बहिणीला माहेरच्या आडनावाने शोधून उपयोग नाही. तिथे ती सून, पत्नी किंवा आई म्हणून येते. सासरचे मूळ गाव, आडनाव आणि जात सांगून त्या घराण्याचा उपाध्याय गाठावा लागतो. मूळ गाव म्हणजे आता राहतात ते नव्हे, पूर्वज जिथून आले ते. तिथे गेल्यावर आपल्या पिढीची नावेही लिहून यावीत, त्यात बहिणीच्या लेकींची जरूर.

माणसांना ‘कोणत्या साली?’ असे विचारले की उत्तर चुकते. पानशेतच्या पुराच्या (१२ जुलै १९६१) आधी की नंतर, कोयनेच्या भूकंपाच्या रात्री (११ डिसेंबर १९६७) ती कुठे झोपली होती, बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोर किती मोठा होता, असे विचारावे. मराठवाड्यात किल्लारीच्या भूकंपाने (३० सप्टेंबर १९९३) तारखा पक्क्या लागतात. बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करताना पंखा बंद ठेवावा, फोन घडी घातलेल्या टॉवेलावर ठेवावा आणि एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त ताणू नये. सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव, नाते आणि तारीख मोठ्याने म्हणून ठेवावी. भावांइतकेच तिच्या नणंदा-जावांना विचारावे. लग्नानंतरची चाळीस-पन्नास वर्षे त्यांनी पाहिलेली असतात आणि भावांना त्यातली भाऊबीजच ठाऊक असते.

फोटोंवर बॉलपेनने लिहू नये. दाबाने पुढच्या बाजूला वळ उठतात आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. मऊ पेन्सिलीने मागच्या कडेला लिहावे. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढला तर चेहऱ्याचाच थर काचेवर राहतो, त्यापेक्षा काचेसकट स्कॅन करावा. छोटे फोटो ६०० डीपीआयवर घ्यावेत. लग्नाच्या ग्रुप फोटोची झेरॉक्स काढून प्रत्येक डोक्यावर आकडा टाकावा आणि खाली नावे लिहावीत. ‘डावीकडून तिसरी’ या खुणेवर पुढे वाद होतात.

वंशावळ मांडताना भावांना पुत्रपौत्र आणि बहिणीला नुसते गाव, असे करू नये. तिची रेघ भावांइतकीच खाली न्यावी, मुलींच्या मुलींपर्यंत.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. श्रद्धांजलीच्या जाहिरातीच्या अर्जात ‘पूर्वाश्रमीचे नाव आणि माहेरचे गाव’ असा एक रकाना ठेवावा, आणि शक्य असल्यास त्या एका ओळीचा दर आकारू नये.

आपला,
वंशावळींचे काम करणारा एक वाचक, सातारा