डेटाबेसमधली जुनी टेबलं मार्गी लावून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ५.७ आवृत्तीवरून ८.० वर जायचं आमचं काम पार पडलं. पावत्या निघताहेत, हिशेब जुळताहेत. फोनवर आभार मानले होतेच. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेल्या गोष्टी जुन्या डेटाबेसला हात घालणाऱ्या आणखी कुणाच्या तरी कामी येतील.

आमची बरीचशी टेबलं मायआयसॅममध्ये, म्हणजे टेबलातला डेटा साठवणाऱ्या जुन्या इंजिनात होती. इनोडीबी हे दुसरं इंजिन डीफॉल्ट झालं ते २०१० मध्ये, ५.५ आवृत्तीपासून. पण त्याआधीची टेबलं आपोआप बदलत नाहीत. कुणी मुद्दाम बदलली नाहीत तर आवृत्ती कितीही चढली तरी ती तशीच राहतात. आधी अपग्रेड आणि मग सवडीनं टेबलांचं इनोडीबीत रूपांतर, असं आमच्याकडे ठरत होतं. तुम्ही तो क्रमच फिरवलात. टेबलं ५.७ वरच बदला, त्यावर रोजचं काम काही काळ चालू द्या, मगच पुढे जा, असं तुमचं म्हणणं होतं. ८.० नं एकदा डेटा ताब्यात घेतला की ५.७ तो पुन्हा उघडू शकत नाही. मागे यायचं तर बॅकअपवरूनच. जुन्या सर्व्हरवर असताना काही अडलं तर ते त्या एका टेबलापुरतं असतं, आणि का अडलं हेही कळतं. हा एक सल्ला नसता तर बाकीचं सगळं अवघड झालं असतं.

नव्या आवृत्तीत काय अडेल ते आधीच सांगणाऱ्या अपग्रेड चेकरची यादी आपण ओळीनं वाचली. पार्टिशन केलेली, म्हणजे आतून तुकड्यांत विभागलेली मायआयसॅम टेबलं ८.० स्वीकारतच नाही, ती आधी इनोडीबीत नेली. तारखांच्या कॉलमांची गोष्ट मात्र मला नवीन होती. ५.६.४ पूर्वी डेटटाइम (तारीख आणि वेळ) ८ बाइटांत साठवला जायचा, नंतर तो ५ बाइटांत आला. वरून पाहिलं तर टेबलात काहीच फरक दिसत नाही. तुम्ही ‘शो ओल्ड टेम्पोरल्स’ हे सेटिंग चालू करायला सांगितलंत आणि टेबलाची रचना दाखवणाऱ्या शो क्रिएट टेबलमध्ये त्या कॉलमांपुढे ‘५.५ बायनरी फॉरमॅट’ अशी कॉमेंट उमटली. तो जुना फॉरमॅट ८.० ला चालत नाही. ऑल्टर टेबल फोर्स या आज्ञेनं टेबल नव्यानं बांधून घेतलं की काम झालं. फक्त तेवढ्या वेळेपुरती डिस्कवर जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रतींना जागा लागते, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत.

पावत्यांच्या टेबलासाठी तुमचे विशेष आभार. त्यात प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) वर्ष आणि क्रमांक मिळून होती, आणि ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप वाढणारा आकडा, दुसऱ्या कॉलमवर. त्यामुळे नवीन वर्ष लागलं की क्रमांक आपोआप १ पासून सुरू व्हायचा. ही सोय मायआयसॅमची. इनोडीबीत ऑटो इन्क्रिमेंटचा कॉलम इंडेक्समध्ये (ओळी पटकन शोधायच्या सूचीत) पहिला लागतो, म्हणून रूपांतर तिथेच थांबलं. क्रमांकाची इंडेक्स वेगळी टाकली असती तर एरर गेली असती. पण तुम्ही म्हणालात, मग नवीन वर्षातही गेल्या वर्षाचाच क्रमांक पुढे चालेल. त्याऐवजी वर्षागणिक शेवटचा क्रमांक ठेवणारं छोटं टेबल करायला लावलंत. त्या वर्षाची ओळ सिलेक्ट फॉर अपडेटनं लॉक करायची, क्रमांक वाढवायचा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एक तर पूर्ण होणाऱ्या नाही तर पूर्ण मागे फिरणाऱ्या कामात, पावती लिहायची. पावती लिहिताना ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तर क्रमांकही मागे येतो, मध्ये खाडा पडत नाही. मायआयसॅममध्ये ट्रान्झॅक्शनच नसल्यामुळे ही खात्री आम्हाला कधीच नव्हती. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली खरी कमाई हीच.

पडताळणीच्या वेळी चेकसम टेबलचे, म्हणजे टेबलातल्या सगळ्या डेटावरून काढलेले, आकडे काही टेबलांत आधीच्याशी जुळेनात, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता. तो आकडा ओळीच्या साठवणीवर अवलंबून असतो, साठवण बदलली की तोही बदलू शकतो, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. मग ओळींची संख्या, रकमांच्या बेरजा, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख असं एकेक ताडून पाहिलं. सगळं जुळलं. तोवर तुम्ही फोन ठेवला नाहीत. तुमचा यात काडीचा स्वार्थ नव्हता, आणि आमच्या टेबलांची काळजी मात्र तुम्ही स्वतःची असल्यासारखी घेतलीत. ते मी विसरणार नाही.

अजून काही कॉलम यूटीएफ८एमबी३ या जुन्या अक्षरसंचात आहेत, ते यूटीएफ८एमबी४ मध्ये न्यायचेत. तिथे एका अक्षराला ३ ऐवजी ४ बाइट धरले जातात, म्हणून लांब इंडेक्स आधी तपासतोय. यादी तयार झाली की पाठवतो. सवडीनं एकदा नजरेखालून घाला.

आपला कृतज्ञ,
पावत्यांचा डेटाबेस सांभाळणारा