थिजलेल्या माणसांबद्दल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली रेखाटनं पाहिली. प्रमाणं बरी आहेत, पण माणसं सगळी थिजलेली. कारण तू बाहेरची कड आधी पकडतेस. डोकं, मग मान, मग खांदा असं उतरेपर्यंत वेळ संपतो आणि पाय कागदाबाहेर जातात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत लागलेली ही खोडरबरी सवय आहे. क्विक स्केचला बसताना रबर पिशवीतच राहू दे.

तीस सेकंदांची पोझ असेल तर पहिली पाच सेकंदं नुसतं बघ. वजन कोणत्या पायावर आहे? मग डोक्यातून, कण्यातून त्या पायाच्या टाचेपर्यंत एक सलग रेषा सोड. तिच्यावर दोन तिरक्या रेषा, खांद्यांची आणि कमरेची. वजनाच्या बाजूची कंबर वर चढते, त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली येतो. हातपाय त्यानंतर. मॉडेल एका पायावर भार टाकून सैल उभं असेल, तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्याच पायाच्या घोट्यापाशी येतो. चित्रात तो बाजूला पडला तर माणूस कलंडणारच, शेडिंग कितीही कर.

रेषेचा दाब हा खरा मजेचा भाग. माणूस एका कुशीला वाकला की आतल्या बाजूला मांस दुमडतं. तिथे तुटक, जाड, एकमेकींवर चढणाऱ्या रेषा. बाहेरची बाजू ताणते. तिथे काखेपासून मांडीपर्यंत एकच लांब रेषा, मधे हलकी होत गेलेली. दोन्हीकडे सारखीच गोलाई दिलीस की धडाचा लोड होतो. रेषा केसाळ येत असेल तर हात मनगटातून चालतोय असं समज. तो खांद्यातून चालायला हवा. त्यासाठी बोर्ड जवळजवळ उभा ठेव. टेबलावर आडव्या कागदाचा वरचा भाग डोळ्याला आखूड दिसतो, म्हणून आपण तो नकळत ताणून काढतो, आणि कागद भिंतीला लावला की डोकं लांबुळकं निघतं.

सामान स्वस्तातलं घे: हाफ इम्पिरियल आकाराचा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा साधा कागद, आणि विलो चारकोल, म्हणजे विलोच्या काड्यांचा कोळसा. कागद पिवळा पडेल, पडू दे. महाग कागदावर हात आखडतो.

हलती माणसं काढायला इस्त्रीवाला उत्तम, कारण तो तेच तेच करतो. एका पानावर तीन आकृत्या एकदम सुरू कर: हात पुढे पोचलेला, मागे खेचलेला, कपडा उलटताना. तो ज्या स्थितीत परत येईल त्या आकृतीत चार रेषा घाल. हालचालीची टोकंच पकड. मधल्या स्थितीत माणूस नुसता उभा वाटतो. फ्रेंच शिल्पकार रोदँ तर पुष्कळदा मॉडेलवरची नजर न काढता, कागदाकडे न बघता रेखाटायचा. 1906 मध्ये पॅरिसला आलेल्या कंबोडियन नर्तकींच्या मागोमाग तो मार्सेयपर्यंत गेला. तशी एखादी पोझ तूही कागदाकडे न बघता काढ. अवयव विस्कटतील, पण रेषा सुटी होईल.

ठेवण्याजोगी पानं निवडून फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर पक्का बसवणारा फवारा) मार, गच्चीवर, फूटभर अंतरावरून, दोन पातळ हात. एकदम भिजवलंस तर चारकोलचे डाग पडतात.

तुझा,
बाबा