उजव्या गुडघ्याची डावी नोंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कागल तालुक्यातील एका गावचा निवृत्त हवालदार आहे. १९८३ साली भरती झालो आणि २४ वर्षांची नोकरी पुरी करून २००७ मध्ये घरी आलो. पलटणीचे, रुग्णालयाचे किंवा रेकॉर्ड ऑफिसचे नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. पलटणीने मला पोटच्या पोरासारखे वागवले, रुग्णालयाने पाय वाचवला आणि रेकॉर्ड ऑफिसमधले कारकून हे माझ्यासारखेच वरून आलेला कागद पुढे पाठवणारे लोक आहेत. माझे गाऱ्हाणे एका नोंदीविषयी आहे, आणि ती नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी कोणत्या दारावर जायचे हे मला आजवर कोणीही सांगू शकलेले नाही, म्हणून आपल्या दैनिकाचा आधार घेत आहे.

संसदेवर १३ डिसेंबर २००१ रोजी हल्ला झाला आणि त्यानंतर ऑपरेशन पराक्रमसाठी फौजा सीमेकडे हलल्या, त्यात आमची पलटण राजस्थानात गेली. जानेवारी २००२ मधल्या एका रात्री, दिवे न लावता गाडीतून दारूगोळ्याच्या पेट्या उतरवत असताना मागच्या फळीवरून माझा पाय निसटला, हातातल्या पेटीसकट मी खाली आलो आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला मुडपला. थंडीमुळे त्या क्षणी फारसे कळले नाही, पण सकाळी बूट चढेना. फील्ड ॲम्ब्युलन्समधून मला लष्करी रुग्णालयात हलवले गेले, तिथे गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीवर (कूर्चेवर) शस्त्रक्रिया झाली आणि अकराव्या दिवशी हातात एक डिस्चार्ज स्लिप देऊन परत पाठवले गेले. त्या स्लिपवर जांभळ्या शिक्क्याखाली डॉक्टरांच्या अक्षरात 'उजवा गुडघा' असे इंग्रजीत स्वच्छ लिहिलेले आहे. अशा इजेचा रिपोर्ट युनिटने एका ठरावीक फॉर्मवर करायचा असतो. तो त्या धावपळीत झाला नाही. कोणाला दोष देऊ? त्या रात्री सगळेच पेट्या उतरवत होते.

पुढे ऑगस्ट २००३ मध्ये, पलटण शांतता क्षेत्रात, म्हणजे सीमेपासून दूरच्या नेहमीच्या छावणीत असताना, गुडघा वारंवार सुजतो म्हणून माझी वैद्यकीय श्रेणी खाली आणली गेली. फौजेत प्रकृतीची मोजणी 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांत होते: मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळे. त्यातल्या हातपायांच्या 'ए' मध्ये माझा आकडा वाढला; आकडा जितका मोठा, तितकी प्रकृती खालावलेली. त्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या कागदावर व्याधीची सुरुवात 'ऑगस्ट २००३, शांतता क्षेत्र' अशी लिहिली गेली आणि पाय 'डावा' झाला. ज्या दिवशी श्रेणी ठरली तीच तारीख व्याधी सुरू झाल्याची म्हणून टाकली गेली असावी. 'डावा' कसा झाला ते मात्र देवाला ठाऊक. त्यानंतरच्या प्रत्येक फेरतपासणीत आधीचा कागद समोर ठेवून पुढचा भरला गेला, आणि २००७ मध्ये निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने तेच उतरवून घेत निर्णय दिला: अपंगत्व २० टक्के, कायमचे, पण लष्करी सेवेमुळे झालेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही. या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आम्ही फौजी लोक त्याला आपसांत 'नाना' म्हणतो. ज्याच्या कागदावर नाना बसला, त्याचे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन तिथेच थांबते.

त्या फॉर्ममध्ये एक भाग खुद्द सैनिकाच्या निवेदनाचा असतो. भरतीपूर्वी ही व्याधी होती का, ती कुठे आणि केव्हा सुरू झाली, सेवेमुळे झाली असे तुम्हाला वाटते का, हे त्यानेच सांगायचे असते आणि खाली सही करायची असते. माझे निवेदन मी दिलेले नाही. ते आधीच भरलेले होते. बोर्डाच्या खोलीबाहेर वीसेक जणांची रांग होती, प्रत्येकाला घरची ओढ होती, आणि पुढ्यात आलेल्या इंग्रजी कागदावर बोट ठेवून 'इथे, इथे आणि इथे' असे सांगितल्यावर मी तीन सह्या केल्या. ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करतो. पण दहावी शिकलेल्या, चोवीस वर्षे हुकूम ऐकण्याची सवय झालेल्या माणसाने त्या जागी 'मला हे आधी वाचून दाखवा' असे म्हणावे, ही अपेक्षा करणाऱ्याने एकदा त्या रांगेत उभे राहून पाहावे.

तारखेचा आणि ठिकाणाचा हा एक रकाना एवढा महत्त्वाचा का, हे नियम पाहिल्यावर कळते. मला लागू असलेल्या १९८२ च्या पात्रता नियमांप्रमाणे हक्क सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर नाही. वाजवी संशयाचा फायदा त्याला द्यायचा आहे आणि फील्डमध्ये, म्हणजे सीमेवर किंवा मोहिमेवर असलेल्यांना तो अधिक उदारपणे द्यायचा आहे. म्हणजे 'राजस्थान सीमा' आणि 'शांतता क्षेत्र' या दोन शब्दांत माझ्या प्रकरणाचा निकाल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग या सिग्नल कोरच्या माजी सैनिकाच्या खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले: भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरायचे, नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे मानायचे, आणि तसे नसल्याचे दाखवायचे असेल तर बोर्डाने कारणे लिहायची. माझ्या कागदावर कारणाच्या जागी एकच ओळ आहे, आणि ती ओळ त्या चुकीच्या तारखेवर उभी आहे.

पैशाचे बोलणे टाळणार नाही, कारण टाळले तर लोक भलताच आकडा मनात धरतात. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम, या हिशेबाने २० टक्क्यांना वेतनाचे ६ टक्के होतात. पन्नासच्या आतले अपंगत्व पन्नास धरण्याची जी सवलत आहे, आणि जी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली, ती धरली तर १५ टक्के होतात. एवढ्यावर कोणी माडी बांधत नाही.

निवृत्तिवेतन नाकारल्यावर मी २००८ मध्ये अपील केले. ते फेटाळताना दिलेले कारण होते: व्याधीची सुरुवात शांतता क्षेत्रात, इजेचा रिपोर्ट नाही. ज्या नोंदीविरुद्ध तक्रार, तीच नोंद निकालाचा पुरावा. त्यानंतर काही वर्षे मी गप्प बसलो. मुलीचे लग्न, आईचे आजारपण आणि उसाच्या बिलांची वाट पाहणे यांत गेली. २०१९ मध्ये गावातल्या एका शिक्षकांनी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि पानाला दोन रुपये, एवढ्या खर्चात माझ्या स्वतःच्या शरीराविषयीची कागदपत्रे बारा वर्षांनी प्रथमच माझ्या हातात पडली आणि माझा कोणता पाय दुखतो हे मला तेव्हा समजले. रुग्णालयाने कळवले की २००२ ची भरती-रजिस्टरे मुदत संपल्यामुळे नष्ट केली आहेत. रेकॉर्ड ऑफिसने कळवले की वैद्यकीय नोंद ही बोर्डाची असल्याने आम्ही तिला हात लावू शकत नाही. बोर्डाविषयी विचारले, तर तो त्या दिवसापुरता बसलेला, त्यातले अधिकारी केव्हाच बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेले.

मला वाटते, मूळ अडचण इथेच आहे. सेवापुस्तकात नाव चुकले, जन्मतारीख चुकली, पत्नीचे नाव राहून गेले तर प्रतिज्ञापत्र, दाखला, अर्ज असा ठरलेला मार्ग आहे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले लोक तो बोटाला धरून दाखवतात. टक्केवारी किंवा 'नाना' मान्य नसेल तर पहिले अपील आहे, दुसरे अपील आहे, पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. पण वैद्यकीय नोंदीतली साधी वस्तुस्थिती, म्हणजे तारीख, ठिकाण, डावे की उजवे, एवढीच तपासून दुरुस्त करा असा अर्ज घेणारी खिडकी मला कुठे सापडली नाही. प्रत्येक अपिलात तोच कागद नव्याने वाचला जातो. आता तर जुन्या कागदांचे स्कॅनिंग चालू आहे, आणि चुकीचा कागद स्कॅन झाला की तो फक्त अधिक स्वच्छ दिसू लागतो.

खोटे दावे करणारे नसतात असे मी म्हणणार नाही. निवृत्तीच्या वर्षात अचानक लंगडणारे मी स्वतः पाहिले आहेत आणि त्यांच्यामुळेच बोर्डाचा डॉक्टर प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागतो. म्हणूनच माझी मागणी पुराव्याची आहे, दयेची नाही. रजिस्टर नष्ट झाले असले तरी गुडघा माझ्याजवळ शिल्लक आहे. त्यावरचे टाके कोणत्या पायावर आहेत हे पाहायला तज्ज्ञाचीही गरज नाही, आणि आतली गादी शस्त्रक्रियेने काढलेली आहे की नाही हे एमआरआय सांगेल. अशा प्रकरणांत माजी सैनिकाला एकदा समोर बोलावून, त्याच्याकडचे मूळ कागद पाहून, नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार कोणा एका नेमलेल्या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याला द्यावा. आणि दुरुस्ती करणे शक्य नसेल तर निदान माणसाचा आक्षेप आणि त्याचे कागद त्या नोंदीला जोडून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला दुसरी बाजू दिसेल. निवृत्तीच्या बोर्डाचा फॉर्म सही घेण्यापूर्वी सैनिकाला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावा आणि त्याची प्रत त्याच दिवशी हातात द्यावी.

माझ्याहून कठीण गाठ विधवांची आहे. शाहूवाडीकडच्या माझ्या एका जोडीदाराचे सेवेत असतानाच हृदयविकाराने निधन झाले. मृत्यू सेवेशी निगडित मानला गेला तर पत्नीला शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, एरवी साधे ३० टक्के. त्याच्या कागदावर आधीचा छातीदुखीचा त्रास रजेवर घरी असताना सुरू झाल्याचे लिहिले आहे; आमच्या सगळ्यांच्या आठवणीप्रमाणे तो उंचावरच्या चौकीवर सुरू झाला होता. वहिनींनी काय दाखवावे? आमची आठवण कोणत्याही रकान्यात बसत नाही. आणि निवृत्तिवेतनाविना बाहेर पडलेल्या सैनिकांची सेवापत्रे तर २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचाच नियम आहे.

आता राहिला न्यायालयाचा मार्ग. न्यायाधिकरणाकडे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जायचे असते. उशीर माफ होऊ शकतो, पण तरसेम सिंग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे माझ्या गप्प बसण्याची वर्षे गेली ती गेली. न्यायाधिकरणाचे आपल्यासाठीचे खंडपीठ मुंबईत आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर चढणे हीच माझ्या उजव्या गुडघ्याची खरी वैद्यकीय परीक्षा असते, आणि वकिलांची फी त्याहून निराळी. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यामुळे सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली, तेव्हा न्यायाधिकरणानेही वर्षातून काही दिवस कोल्हापुरात बसावे ही मागणी आता अवास्तव वाटू नये. सैनिक टाकळीसारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत आणि जिथे गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्यात घरटी एक फौजी सापडतो, तिथे कामाला प्रकरणे कमी पडणार नाहीत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सैनिक व त्यांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत देणारी वीर परिवार सहायता योजना जाहीर केली आहे. तिच्यात वैद्यकीय कागद वाचून दाखवणारा एखादा निवृत्त लष्करी डॉक्टरही बसवता आला, तर निम्मी प्रकरणे अर्जाच्या पातळीवरच सरळ होतील असा माझा अंदाज आहे.

सध्या फौजेत असलेल्या, विशेषतः अग्निवीर म्हणून गेलेल्या आपल्या मुलांना माझे सांगणे आहे. चार वर्षांच्या नोकरीत त्यांना निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी मिळतात, आणि ते मिळण्याचा आधार हाच कागद आहे. लागले, पडले, मुरगळले तर एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, त्याच दिवशी नोंद करून घ्या, इजेचा रिपोर्ट झाला का ते विचारा, आणि प्रत्येक स्लिपचा मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवा. माझी स्लिप वाचली ती केवळ सौ.ने ती ट्रंकेत लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवली म्हणून.

ती स्लिप मी लॅमिनेट करून घेतलेली नाही, कारण दसरा चौकातल्या झेरॉक्सवाल्याने सांगितले की उष्णतेने जांभळी शाई उडेल. ज्या अधिकाऱ्यांना ती पाहायची असेल त्यांनी कळवावे; मी मूळ प्रत घेऊन, सांगतील त्या ठिकाणी, गुडघ्यासह हजर होईन.

आपला,
एक निवृत्त हवालदार
ता. कागल, जि. कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिलेला आहे.)