शाळेच्या पटांगणातल्या सूर्यनोंदीसाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

पुण्यात रोज दुपारी १२:३५ला सूर्याची जागा टिपत गेलं, तर वर्षाअखेरीस जमिनीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती उमटते. सूर्य डोक्यावर येण्याची वेळच हलती असते: ३ नोव्हेंबरच्या सुमारास १२:१८, तर ११ फेब्रुवारीच्या सुमारास १२:४९. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि लंबवर्तुळाकार कक्षा, या दोन्हींचा हा परिणाम. वाचनालय समिती ही आकृती आपल्या वस्तीतल्या शाळेच्या पटांगणात कायमची कोरून ठेवणार आहे.

त्यासाठी २.६ बाय १ मीटरचा, अगदी समतळ ओटा लागेल. दक्षिण टोकाला खांब, त्यावर ३० सेंमी उत्तरेकडे आलेली पट्टी आणि तिच्या टोकाला बरोबर २ मीटर उंचीवर ६ मिमी छिद्राचा पत्रा. नुसत्या खांबाच्या सावलीचं टोक फिकट पडतं, खूण नेमकी कुठे करायची ते कळत नाही. छिद्रातून मात्र सूर्याची दोनेक सेंमीची गोल प्रतिमा पडते, तिचा मध्य धरता येतो. छिद्रातून ओळंबा सोडून दर महिन्याला तपासायचं; खांब एका अंशाने कलला तरी खूण साडेतीन सेंमी सरकते. दिशा ठरवायला होकायंत्रावर विसंबायचं नाही, ओट्यातली सळई त्याला फसवते. २३ सप्टेंबरला प्रतिमा सरळ पूर्व-पश्चिम रेषेत चालते, म्हणून सुरुवात त्याच दिवशी. ओटा ऑगस्टअखेर भरून त्यावर किमान १५ दिवस पाणी मारायला हवं.

रोख रक्कम नको, वस्तू द्या: सिमेंटच्या ४ गोण्या, वाळू १६ घमेली, खडी २४ घमेली, जाड जीआय पाइप, ६० पितळी खिळे. लेवल ट्यूब (समतळ तपासायची पाण्याची नळी) वापरणारा गवंडी एक दिवस मिळाला तर फारच उत्तम.

मुलांना यातून एक गोष्ट डोळ्यांनी दिसेल. २२ डिसेंबरला प्रतिमा छिद्राखालच्या बिंदूपासून १८० सेंमी उत्तरेला असते. संक्रांतीपर्यंत ती सुमारे १३ सेंमी मागे आलेली असते. उत्तरायण तोवर तीन आठवडे जुनं झालेलं असतं.

माणसंही हवीत. घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवून आठवड्यातून एकदा खूण करायची. एका मिनिटाची चूक म्हणजे साधारण एक सेंमी. जून ते सप्टेंबर ढगांमुळे रोज प्रयत्न करावा लागेल, नाहीतर आकृतीचं दक्षिणेकडचं छोटं वेटोळं अर्धवट राहील. वाचनालयाच्या टेबलावर वही ठेवली आहे. पावसाळ्यातले वार रिकामे आहेत, आधी तिथे नावं लिहा.