तिथीची पाऊणपट

ऐरोली, रविवार

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, घाल शिव्या. माझा गुडघा बरा, हिला बीपीची गोळी चालू झालीय, बाकी सगळं ठीक.

तो पागावरचा, म्हणजे फेकायच्या जाळ्यावरचा, लेख मंडळात वाचला आणि पार सोलला गेला. (तू "ती पाग" म्हणशील. बारा वर्षं भांडलो, मी तो पागच लिहिणार.) दोघांचं म्हणणं, लेख रुक्ष आहे, खाडीवरची संध्याकाळ घाला, फ्लेमिंगो घाला. अरे, इथल्या खाडीत फ्लेमिंगोंचं अभयारण्य 2015 साली झालं, पक्षी आहेत हे खरं, पण बोय मासा पागणाऱ्याची मान वर असते कधी? ते काही मी ऐकत नाही.

झोंबलं ते गणिताच्या निवृत्त बाईंचं. भरतीच्या वेळेचा आपला हिशोब मी एका ओळीत उरकला होता: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. बाईंनी विचारलं, "वद्य पंचमीला 20 धरायचे का?" 20 धरले तर पंधरा, म्हणजे तीन येतात, खरी भरती पावणेचारला. पाऊण तास चुकला! पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा 1 पासून, हे मी लिहिलंच नव्हतं. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, तेही नाही. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं हेसुद्धा राहिलं. आपल्याला पाठ असतं ना, म्हणून कागदावर येतच नाही.

मग दुसऱ्या एकाने शांतपणे विचारलं, "जाळ्याच्या दोरीचं दुसरं टोक कुठे असतं?" मी गप्प. डाव्या मनगटात, रे! तेही सैल फासात. आवळणारी गाठ मारली आणि जाळं चिखलातल्या खुंटाला अडकलं, तर माणूस जाळ्यामागे जातो. आता लिहिलंय: दोरीची वेटोळी डाव्या हातात, घेराच्या कडेच्या वजनांतलं एक शिसं दातात, घेराचा साधारण तिसरा हिस्सा उजव्या हातात, कमरेतून वळून फेक, आणि सोडतानाच तोंड उघड. जाळं ताटासारखं गोल पडायला हवं. केळ्यासारखं पडलं तर हात लवकर सुटला असं समज.

खोलीचा परिच्छेद मात्र तीनदा फाडला. जाळं चार हात लांब आणि पाणी त्याहून खोल असेल, तर तळाला टेकण्याआधीच शिशाच्या ओझ्याने घेर मिटत जातो आणि बोय खालून निसटते. पहिल्या मसुद्यात मी "पडताच जोरात ओढा" असं लिहिलं होतं! ओढ जोराची झाली की शिसं तळापासून उचलतं. आधी तळाला बसू द्यायचं, मग सावकाश, घेर चिखलावरून घसटत आत गोळा होईपर्यंत. हे मंडळात कुणालाच कळलं नाही, टाळ्या वाजवल्या. म्हणून तुला लिहितोय. ही चूक छापून आली असती तर तू नागपूरहून येऊन मला खाडीत ढकललं असतंस.

चिमीच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींचा खांदा? भाड्याचं घर सोडलंस का? सविस्तर लिही, मी वाचतो, उत्तर देत नसलो तरी.

आणि एक. दाताच्या वाक्यानंतर मी लिहिलंय: "तोंड उघडायला विसरलेल्या एका मित्राचा पुढचा दात अजून दिवाळे गावच्या खाडीत आहे." मंडळाला फक्त हेच वाक्य आवडलं. ठेवू की काढू?

तुझाच,
अण्णा