पोटगीचं वॉरंट घरी आलं

दादू,
फोन उचलत नाहीस म्हणून टाइप करतेय, पूर्ण वाच, मधेच सोडू नकोस.

काल सकाळी पोलीस आला होता, पोटगीच्या केसचं वॉरंट घेऊन. मी दारातूनच सांगितलं की तो बाहेरगावी गेलाय, आणि तुझे बूट तिथेच त्याच्या पायाशी पडलेले. त्याने बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही.

मग वकिलांना मीच फोन लावला. तू म्हणतोस ना, महिनाभर आत बसून येईन, विषय संपला. अरे कुठला संपतोय! थकलेल्या एकेका महिन्यासाठी महिना-महिना आत टाकू शकतात, आणि बाहेर आलास तरी थकबाकी जशीच्या तशी डोक्यावर, हे सुप्रीम कोर्टाने केव्हाच सांगून ठेवलंय. वर मुद्दाम आदेश धुडकावला असं ठरलं तर कोर्टाचा अवमान वेगळा, त्याला 1971 च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद.

मुद्दाम, या एका शब्दावर सगळं अडलंय बघ. पगार निम्म्यावर आला हे खरंय, पण ते तू मला सांगितलंस, मित्रांना सांगितलंस, जजसाहेबांना कधी सांगितलंस? परिस्थिती बदलली तर रक्कम कमी करून मागता येते, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 127, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 146, साधा अर्ज करायचा होता. तू तारखेलाच जात नाहीस. आणि या वर्षभरात बाईकचा एकही हप्ता चुकलेला नाही, ते बँक स्टेटमेंट तिच्या वकिलाने पुढे ठेवलं की काय बोलशील रे?

ती कशी वागली, तू कसा वागलास, मला त्यात पडायचं नाही. पण त्या पैशात छकुलीचाही वाटा आहे.

सोमवारी तारीख आहे. पगाराच्या स्लिपा घे, जमतील तेवढे पैसे घे, भरलेस की पावती घे. मागे छकुलीच्या वाढदिवसाला रोख दिलेस म्हणतोस, त्याचा पुरावा काय, शून्य.

कपाटावर कोर्टाचे तीन लिफाफे आहेत, न फोडलेले. रविवारी ये आणि माझ्यासमोर फोड.

आई